मामाच्या मापाचा स्वेटर

माप वहिनीनं आणून दिलं. हातानं कातलेल्या पांढऱ्या सुताचा एक तुकडा होता आणि त्याला तीन गाठी मारलेल्या होत्या. एका टोकापासून मोजायचं: पहिली गाठ बाहीची, दुसरी उंचीची, शेवटची छातीच्या घेराची. घरात टेप होती, पण ती बाबांच्या खोलीत, त्यांच्या वकिलीच्या पुस्तकांशेजारी, आणि ती घ्यायची तर विचारावं लागे. बायकांचा कारभार गाठींवर चालायचा. पोलकं असो, झबलं असो की उशीचा अभ्रा, सुताला गाठ मारायची, सूत पदराच्या टोकाला बांधायचं आणि शिंप्याकडे जायचं.

"मामाचं आहे," वहिनी म्हणाली. "तिकडे बर्फ पडून राह्यला म्हणे. भाचीच्या हातचा स्वेटर पाह्यजे म्हणते."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सरकारच्या जमीनमोजणीच्या खात्यात होता आणि त्या दिवाळीआधी त्याची बदली वर हिमालयाकडे झाली होती. मामा मला फार आवडायचा. मी न बोलता तासभर त्याच्याजवळ बसले तरी त्याला चालायचं. घरात बाकी सगळ्यांना माझ्या न बोलण्याचं काहीतरी करावंसं वाटे. त्यामुळे माप हातात घेताना मी काही विचारलं नाही. बाटलीच्या हिरव्या रंगाची लोकर आई मागवणार होती, आणि आई माझ्या विणकामासाठी आपणहून काही मागवते आहे याचंच मला इतकं नवल वाटलं की त्यापुढे काही सुचलंच नाही.

विणायला मी शाळेत शिकले. नागपूरला मावशीकडे राहून मी नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकत होते. शिवणाच्या तासाला बोलावं लागत नसे, म्हणून तो तास मला आवडायचा. मॅट्रिक झाल्यावर मी वर्ध्याला परत आले आणि त्याच सुमारास मावशीच्या यजमानांची बदली झाली. पुढे शिकायचं तर वसतिगृहात राहावं लागणार होतं. बाबा म्हणाले, "बघू." आई काहीच म्हणाली नाही, आणि आईचं न म्हणणं हे बाबांच्या "बघू"पेक्षा पक्कं असे.

त्याच उन्हाळ्यात मला बघायला अमरावतीची माणसं आली होती. मी खाली मान घालून बसले होते. नाव विचारलं तेवढं सांगितलं. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, शाळेत काय काय शिकवायचे, सगळ्या प्रश्नांना माझ्याऐवजी आईनं उत्तरं दिली. जाताना जिन्यावर त्यांच्यातल्या एक बाई दुसरीला म्हणाल्या, "इंग्रजी शाळेत जीभ ठेवून आली वाटतं पोर." मी ऐकलं आणि आईनंही ऐकलं. आईनं तो विषय पुन्हा काढला नाही, पण कोणी मैत्रीण आली की "आमची जरा अबोल आहे" असं ती आपणहून आधीच सांगून टाकू लागली.

वहिनी ही घरातली एकच व्यक्ती होती जिच्याशी मी बोलत असे. ती समुद्रपूरकडची. दादा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि रविवारीच घरी यायचा, त्यामुळे आठवडाभर वहिनी आणि मी दोघीच एकमेकींना सोबत. चारचौघांत ती मला "वन्सं, तुम्ही" म्हणायची आणि दोघीच असलो की "बाई, तू". तिच्याकडे बायकाही "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. आई त्यावरून तिला हसायची. मला ते आवडायचं. माझ्या शाळेत मराठीतून बोललं की शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभं राहावं लागे. वहिनीचं बोलणं ऐकताना मला वाटे, कोपऱ्यात उभं राहायची वेळ आली तरी हिच्यात काही बदल झाला नसता.

मला कॉलेजात जायचं होतं, हे मी फक्त तिला सांगितलं होतं. नुसतं जायचं होतं असं नाही. वनस्पतिशास्त्र घ्यायचं होतं, शाळेतल्या एका सिस्टरनं मला त्यासाठी कोणाला भेटायचं तेही सांगून ठेवलं होतं, आणि बाबांनी जूनपर्यंत "हो" म्हटलं नाही तर ते सगळं जाणार होतं. मी हे सांगत असताना वहिनी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मामंजींशी मी बोलतो," ती म्हणाली. "तू घाबरू नको. मोका पाहून बोलतो."

मला त्या शब्दाचा केवढा आधार वाटला! बाबांशी घरात सहज बोलू शकणारी तीच होती. त्यांना चहा द्यायला गेली की ती दोन वाक्यं जास्तीची बोलून यायची आणि बाबा हसायचे, आम्हाला बाहेर ऐकू यायचं.

*

त्या वर्षी थंडी नेहमीपेक्षा जास्त होती. सकाळी विहिरीवरून वाफ निघायची. मागच्या अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून आम्ही शेकत बसायचो. कापसाच्या गाड्या पहाटेपासून रस्त्यानं जायच्या आणि गाडीवानांच्या घोंगड्यांवर, बैलांच्या शिंगांवर कापूस चिकटलेला असायचा. आमच्याकडे घरोघरी टकळी फिरायची, सूत कातलं जायचं, पण लोकरीचं विणकाम कोणी करत नसे. थंडी कडाक्याची झाली तर अंगावर अजून एक वाकळ घ्यायची, एवढंच. त्यामुळे लोकरीच्या लडी आल्या तेव्हा शेजारच्या दोघीतिघी नुसत्या हात लावून बघायला आल्या.

लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागतात. वहिनी दोन्ही हात पुढे करून बसायची, लड तिच्या हातांवर, आणि मी गुंडाळत जायची. हात अडकलेले असल्यानं तिला दुसरं काम करता येत नसे, मग ती बोलत राही.

"हे काय, चांदण्या?"

माझ्याकडे शाळेतून मिळालेलं विणकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यातला एक नमुना मी पुढच्या भागासाठी निवडला होता, आठ टोकांचा, पांढऱ्या लोकरीचा. मी म्हटलं, "बर्फ आहे."

"हट! बर्फ असा असते काय? मी पाह्यला ना बर्फ. भुशात ठेवते थो, लाकडाच्या. ही मोठी लादी."

"तो वेगळा. हा आकाशातून पडतो. एकेक कण असा असतो."

"आकाशातून लादी पडली तर माणूस जित्ता राहीन का वो!" असं म्हणून ती इतकी हसली की लड हातावरून घसरली आणि गुंता झाला. तो सोडवताना मी तिला गारा, धुकं, सगळ्यांची उदाहरणं देऊन बर्फ समजावून सांगत होते. तिकडे छपरांवरून तो खोऱ्यानं ओढतात, हे मी वाचलं होतं. ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे मामा कापसात राहून राह्यले असं समज."

तिला विणायला शिकायचं होतं. मी तिला दोन सुया दिल्या आणि उरलेल्या लोकरीवर टाके घालायला शिकवलं. एक सुई सुलट, एक सुई उलट. ती भराभर शिकली, पण तिचा हात घट्ट होता. टाका इतका आवळायची की पुढच्या वेळी सुई आत शिरत नसे. मी तिला सारखी म्हणायची, "वहिनी, सैल. लोकरीला श्वास घेऊ दे." ती म्हणायची, "सैल सोडलं तर पळून जाते."

पाठ पूर्ण झाली आणि मी सूत घेऊन माप लावलं. उंची बरोबर होती. घेराची गाठ मात्र मला फार जवळ वाटली. मामा बुटका आणि चांगला पोट सुटलेला. मी एकदा लहानपणी त्याला मिठी मारली तर माझे हात मागे पोचले नव्हते.

"वहिनी, हे माप मामाचं नाही वाटत."

ती चुलीपाशी होती. मागे न बघता म्हणाली, "काऊन?"

"घेर कमी आहे. आणि बाही बघ केवढी लांब. मामाचा हात इतका लांब नाही."

"डोंगर चढून चढून वाळले असन थे. तिथं पोट राह्यते का कोणाचं? आन् बाही लांबच ठेवा लागते थंडीत, बोटं झाकाले." मग ती वळली आणि हसून म्हणाली, "तू विण ना बाई. माप देणाऱ्यानं दिलं, विणणारीनं विणावं."

मला ते पटलं. मी मनात मामाला बारीक केलं. बर्फातून चालणारा, वाळलेला, लांब बाह्यांत बोटं लपवणारा मामा मी रोज थोडाथोडा तयार करत गेले आणि त्याच्यासाठी विणत राहिले. गळ्याची पट्टी मी दोनदा उसवून पुन्हा केली, कारण तो मान चोळायचा आणि काही टोचलं की त्याला सहन होत नसे. आतल्या बाजूनं धाग्यांची टोकं कोणी लपवत बसत नाही. मी प्रत्येक टोक आत ओवलं. आई येता-जाता बघायची आणि काही न बोलता जायची. एकदा तिनं पाठीचा भाग उचलून उजेडात धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर मला असं काही दिसलं जे अमरावतीच्या लोकांनंतर दिसलं नव्हतं. तिला माझा अभिमान वाटतो आहे, असं मी समजले.

"बोललीस का बाबांशी?" मी मधूनमधून वहिनीला विचारायची.

"बोलून राह्यलो हळूहळू," ती म्हणायची. "घाई नको करू."

*

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे मोठं असे. त्या दुपारी दिवाणखान्यात सतरंजी घातली होती. तिळगूळ, वाण, अत्तर, सगळ्याची वाटणी आईनं लावून दिली होती. माझ्याकडे गुलाबपाण्याचं काम होतं, कारण त्यात बोलावं लागत नाही.

समुद्रपूरहून एक बाई आल्या होत्या. वहिनीच्या माहेरच्या ओळखीच्या, असं आईनं सगळ्यांना सांगितलं. उंच होत्या, अंगानं शिडशिडीत, आणि हात फार लांब. गुलाबपाणी शिंपडताना मी ते हात बघितले आणि तरीही मला काही कळलं नाही.

आई म्हणाली, "आण ग ते तुझं विणकाम. काकूंना दाखव."

मी आणलं. पाठ, पुढचा भाग, एक बाही. दुसरी बाही नुकतीच सुरू केली होती, ती सुयांवरच होती. काकूंनी एकेक भाग मांडीवर पसरला. बर्फाच्या नक्षीवरून बोट फिरवलं. आतली बाजू उलटून पाहिली, आणि टोकं लपवलेली बघून आईकडे पाहून मान हलवली. मग त्यांनी सुटी बाही उचलली, मनगटाची बाजू धरून स्वतःच्या हाताला लावून बघितली आणि म्हणाल्या, "बरोब्बर. त्याच्या शर्टावरूनच मारल्या होत्या मी गाठी."

मी उभीच होते.

"गळ्याला काय छान केलं," त्या पुढे म्हणाल्या. "त्याला टोचलं की चालत नाही, लहानपणापासून. तुला कोणी सांगितलं होतं का?" आणि मग माझा हात हातात घेऊन, अगदी प्रेमानं, "शिकायचं आहे म्हणे तुला? झाडाझुडपांचं? अगं, तिकडे बर्फात कुठलं कॉलेज! पण पुस्तकं मागवून देईल तो. वाचायची आवड आहे त्यालाही."

दिवाणखान्यात बायका बोलत होत्या, बांगड्या वाजत होत्या. कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. झाडाझुडपांचं हे मी आईला कधी सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. मी ते एकदाच, तांदूळ निवडताना, एकाच माणसाला सांगितलं होतं.

मी वहिनीकडे बघितलं. ती समोर कोणाच्या तरी ओटीत वाण घालत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच खाली पाहून ओटीतला तिळगूळ पुन्हा नीट करायला लागली.

मला बघायला कोणी आलं नव्हतं. मी केलेलं काम तेवढं बघितलं गेलं होतं आणि ते पसंत पडलं होतं.

*

बायका गेल्यावर मी वहिनीला मागच्या अंगणात गाठलं. ती भांडी उपडी घालत होती.

"तो स्वेटर कोणाचा?"

"मामाच्या ऑफिसातलाच आहे," ती म्हणाली. "मामांनी चौकशी करून कळवलं सगळं. पोरगा चांगला आहे. शिकलेला."

"मामाचं माप म्हणालीस."

"मग काय म्हणू? त्याचं म्हटलं असतं तर तू लोकर हातात धरली असती?"

तिला वाटलं असावं की मी ऐकते आहे, म्हणून ती जवळ आली आणि एरवी दोघीच असताना बोलायची तशी बोलायला लागली. "हे पाह्य, बाई. अमरावतीवाल्याईसमोर तू दगडासारखी बसली होती. मामीजींनी, तुझ्या आईनं, किती दिवस मनावर घेतलं तुले ठाऊक नाई. पुन्हा कोणासमोर बसवायचं तर तू पुन्हा तशीच बसली असती. मी म्हटलं, हिची जीभ नाई चालत तर नाई चालत, हात तर चालते. हातच दाखवू. तुले चारजणाईत बसाची पाळीच नाई आली. तुझ्यासाठीच केलं न मी."

"आणि कॉलेजचं?"

"थे सांगा लागलं. त्याईनं विचारलं, पोरगी इतकी शिकली तर पुढे शिकाचं मनात असन तिच्या. मग लग्नानंतर कुरकूर नको. मी म्हटलं, आहे थोडं मनात, पण समजदार आहे."

"तू बाबांशी बोलणार होतीस."

"बोललो ना. हेच बोललो."

तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता. तो असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. ती हात पुसत उभी होती आणि मी तिचे आभार मानीन अशी तिला थोडी अपेक्षा होती, हे मला स्पष्ट दिसलं.

त्यानंतर मी सुया उचलल्या नाहीत. दुसरी बाही टोपलीत पडून राहिली. आईनं दोनदा आठवण केली, पहिल्यांदा गोडीनं आणि दुसऱ्यांदा नाही. मी गप्प बसले. मी गप्प बसण्यात माझ्या घरातल्या कोणाला काही नवीन दिसत नव्हतं, हाच त्यातला दोष होता. अबोल माणसाचा संप कोणाला कळतच नाही.

मग एका दुपारी मी ओसरीत आले तर वहिनी उन्हात बसून ती बाही विणत होती. माझ्या सुयांवर, माझ्या टाक्यांपासून पुढे. जिथे मी थांबले होते आणि जिथून ती सुरू झाली होती, ती जागा मला दारातूनच दिसत होती. तिथून पुढे वीण आवळलेली होती. मी शिकवलेला एकेक टाका ती घट्ट ओढून बसवत होती.

"किती दिवस पडून राहीन?" ती वर न बघता म्हणाली. "त्याईले पाठवाची आहे. तुम्ही नाई करत तर मी करतो, वन्सं."

ओसरीत आम्ही दोघीच होतो.

*

स्वेटर गेला. तो माझ्या हातचा म्हणूनच गेला. भाग जोडले कोणी ते मला माहीत नाही, मी त्या दिवशी वर पडून होते. थोड्या दिवसांनी समुद्रपूरहून निरोप आला आणि आईनं देवापुढे साखर ठेवली. मग बाबांनी मला खोलीत बोलावलं.

बाबांच्या खोलीत मी क्वचित जायची. त्यांनी मला समोरच्या, अशिलांच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. चष्मा पुसला. म्हणाले, "त्यांच्याकडून होकार आला आहे. तुला आधीच विचारलं आहे, असं मला सांगितलं. तरी एकदा माझ्या कानांनी ऐकावं म्हटलं."

मला वाटलं होतं की मी रडेन. पण रडू आलं नाही. मी म्हटलं, "मला कोणी विचारलं नाही."

बाबांनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. कोर्टात ते असेच बघत असतील. "तू स्वेटर विणलास."

"हो."

"दोन महिने विणत होतीस. मी येता-जाता पाहत होतो. जिच्या मनात नसेल ती मुलगी अशी विणेल का, असं मला विचारलं गेलं, आणि मलाही वाटलं, नाही विणणार. तू तोंडानं काही सांगायची नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून हेच उत्तर समजलो मी." ते थांबले. "तुझ्या मनात नव्हतं, तर विणलास कशाला?"

"मामासाठी."

"मामासाठी?"

"माप मामाचं म्हणून सांगितलं होतं. बर्फ पडतो, भाचीच्या हातचा हवा म्हणाला, असं सांगितलं होतं. मी म्हटलंही, घेर कमी आहे म्हणून." एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. बाही कशी लांब वाटली, काकू काय म्हणाल्या, कॉलेजचं मी कोणाला सांगितलं होतं, दुसरी बाही मी विणलेली नाही, सगळं मी सांगितलं. एवढं मी बाबांशी आयुष्यात बोलले नव्हते. आवाज माझाच होता पण मला तो नन्सच्या शाळेतल्या पाठांतरासारखा ऐकू येत होता, एका सुरात, न अडखळता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कॉलेज म्हणजे कुठलं? नागपूरचं?"

"हो. वनस्पतिशास्त्र."

"हे तू मला का सांगितलं नाहीस?"

"वहिनी सांगणार होती."

ते उठून खिडकीशी गेले. मग "जा तू" एवढंच म्हणाले आणि आईला बोलावून घेतलं. दार लागलं. आईचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. "शब्द गेला आहे आपला," हे मला दोनदा ऐकू आलं. बाबांचा आवाज आला नाही.

माझ्यासमोर त्यावर कोणी पुन्हा चर्चा केली नाही. समुद्रपूरला काय कळवलं, काकू काय म्हणाल्या, मामाला काय वाटलं, मला आजही नीट माहीत नाही. चैत्रात एकदा चहा घेताना बाबांनी मला विचारलं, "जूनमध्ये कधी उघडतं तुझं कॉलेज?" त्यावरून मला कळलं. आई उठून आत गेली. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण त्यानंतर माझं काम हातात घेऊन उजेडात धरून बघितलं असं काही घडलं नाही.

सगळ्यात जास्त बोलणी वहिनीला खावी लागली. आईकडून, कारण काम फसलं. दादाकडून, कारण माहेरच्या गावात नाव गेलं. बाबा तर तिनं चहा नेला की नुसतं "ठेव तिथं" म्हणायचे. त्यांच्या खोलीतून आता हसणं ऐकू येत नव्हतं. मला तिची दया यायला हवी होती. थोडी यायचीही. पण तिला एकटीला पाहिलं की मला आधी तांदळाचं सूप खाली ठेवणारे तिचे हात आठवत.

मे महिन्यात आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. आईनं दोघींना लावलं होतं, म्हणून. पहिली चटई भरली. मग तीच म्हणाली, "एक सांगजो मले. मी तेव्हाच खरं विचारलं असतं, त्याच्यासाठी विणतेस का म्हणून, तर तू काय म्हटलं असतं?"

"नाही म्हटलं असतं."

"तेच न," ती म्हणाली. "म्हणूनच नाई विचारलं."

तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की मी हातातला साचा खाली ठेवला. तिला अजूनही वाटत होतं की ह्या उत्तरानं सगळं मिटतं. मी नाही म्हणणार हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. घरात माझं मन ओळखणारी तीच एकटी होती, आणि ते ओळखलं म्हणून तर तिला नेमकं त्याला वळसा घालून जाता आलं. परक्या माणसाला हे जमलं नसतं.

आता मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी येते. वहिनी माझ्यासाठी आवडीचं करते, माझ्या केसांना तेल लावते, गावातल्या बातम्या सांगते. मी ऐकते, हसतेही. मग ती विचारते, "तिकडं काय चालून राह्यलं तुझं?" तिकडे बरंच काही चालू असतं. पुढे काय करायचं ते माझं ठरत आलं आहे, आणि ते बाबांना माहीत आहे.

"काही नाही ग," मी म्हणते. "अभ्यास."